कणगीवरचा हात

रोहिणीचा तिसरा दिवस. पाल्यापाचोळ्याचा राब भाजून झाला होता, वाफे नांगरून झाले होते, आणि शेलूत येसाजीच्या अंगणात सकाळपासून माणसं नुसती खोळंबली होती, कारण माजघरातली बियाण्याची कणगी अजून बंद होती.

ही कणगी उघडायची तर हात त्याच सुनेचा हवा, जिचा विटाळ कायमचा गेला आहे, हा या घराचा कायदा. का, ते कोणी कधी विचारलं नव्हतं. येसाजीच्या आजीने पाळलं म्हणून त्याच्या आईने, भागूबाईने, पाळलं. भागूबाईने पाळलं म्हणून सगळ्यांनी. एरवी या घरात विटाळाचं कौतुक सोयीपुरतंच होतं. बायका महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत बसत खऱ्या, पण आषाढात लावणी लागली की विटाळ कोणाला आठवत नसे. तेव्हा चिखलात हात हवे असत. कणगीचं मात्र तसं नव्हतं. विटाळशी हाताने काढलेलं बी रुजत नाही, म्हणजे नाहीच. असा हात लागला तर सगळं भात कांडून खायला घ्यायचं आणि बियाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जायचं.

भागूबाईने तीस वर्षं कणगी उघडली आणि कणगी उघडणारीचा शब्द घरात चालतो म्हणून तीस वर्षं घरही चालवलं. माघात ती गेली. थोरली सून सोनाबाई कार्तिकापासून पडवीत बसली नव्हती. सहा महिने झाले होते. पुरुषांनी ओटीवर बसून ठरवून टाकलं, निवळली. ज्यांना या कारभारातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांनीच ते ठरवलं. सोनाबाईला कोणी विचारलं नाही आणि तिनेही नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर तिला तो हात हवा होता. आपला शब्द आधीच एकदा खर्च करून बसली होती ती. लडकूआत्याने, येसाजीच्या आत्याने, त्याच्या धाकट्या भावासाठी, धाकलूसाठी, आपल्या नणंदेची पोर आणायचा घाट घातला होता. धाकलूच्या बायकोला, सुंदराला, बावीस वर्षांत मूल नव्हतं. सोनाबाईने होळीलाच बजावलं होतं, "माझ्या हातात कणगी आली की या घरात दुसरी बायको येनार नाय." आत्या तेव्हापासून गप्प होती, पण ती गप्प होती म्हणजे विसरली होती असं नव्हे.

"आटपा गं," येसाजी उंबऱ्यातून म्हणाला. "दुपारनंतर अमावास्या लागते. मंग बी हलवता येयाचं नाय. माथेरानवर ढग बगा कसे टेकलेत."

सोनाबाईने कणगीच्या तोंडावरचं वाळलेलं शेण विळ्याच्या टोकाने उकरलं. झाकण सैल झालं. येसाजी आणि धाकलू उपरणं पसरून उभे राहिले; पहिल्या मुठी त्यांच्यात पडायच्या. तिने झाकणाला हात घातला आणि छातीच्या मधोमध कुठेतरी ती ओळखीची धग उठली. गळा, कान, कपाळ. घामाने चोळी भिजली. पौषाच्या थंडीतही हे असंच व्हायचं. वाकळ फेकून ती दारात जाऊन बसायची. काय होतं ते तिला सांगता यायचं नाही. ताप म्हणावा तर अंग पुन्हा गार.

"आली! आली!" लडकूआत्या ओरडली. "बगा तोंड कसं लालेलाल झालंय! देवी आली सोनेच्या अंगात!"

दोनतीन बायका लगेच वाकल्या. एकीने हळदकुंकवाचं ताट पुढे केलं. सोनाबाई गोंधळून त्या ताटाकडे बघत राहिली आणि त्याच क्षणी तिला जाणवलं. सहा महिन्यांनी, पण ओळखायला बाईला किती वेळ लागतो? तिने झाकणावरचा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "जरा थांबा सगळी." आणि पदर अंगाभोवती लपेटून ती मागच्या दाराने निघून गेली.

*

मागे राहिलेल्या माणसांचा गोंधळ बघण्यासारखा होता.

"देवी अशी मधेच उठून जाती का गं?" एक बाई म्हणाली.

"मंग बाधा आसंल," दुसरी म्हणाली. "परवा तिनीसांजंला वडाखालनं आली व्हती ना ती?"

लडकूआत्याने देवी एका दमात सोडून दिली. तिने येसाजीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "येसा, तोंड लाल, घाम, उठून पळाली. ओकायला गेली का नाय मागं? आरं, सहा म्हयने पाळी नाय म्हंजी निवळलीच असं कसं धरलंत रं तुमी? गरवार बाईची तरी कुटं येते?"

वाल्मिक, येसाजीचा पंचवीस वर्षांचा मुलगा, बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून तडक गोठ्यात गेला. त्याच्या बायकोला पाचवा महिना लागला होता. सासू आणि सून एकदमच बाळंत होणार, हे चित्र त्याला सोसवेना.

येसाजी मात्र जागचा हलला नाही. त्याच्या डोक्यात सगळी गुंतावळ झाली होती. सोनाबाई जन्मली त्या साली आगगाडी पहिल्यांदा आली, असं तिचा बाप सांगायचा. म्हणजे पंचेचाळिशी तरी झालीच. या सहा महिन्यांत तिने त्याला जेवढं बोलून घेतलं तेवढं आधीच्या तीस वर्षांत घेतलं नव्हतं. वासरू विकलं तर दोन दिवस रडली. चटई ओढून दाराशी निजायला लागली. आपलं काही चुकलं म्हणून बाई तुटली, असं त्याने मनाशी धरलं होतं आणि माहेरच्या वाटेच्या देवाला नारळही कबूल केला होता. आता आत्या म्हणते गरवार. दाराशी निजणारी बाई गरवार कशी राहील, हा प्रश्न त्याला पडला, पण तो चारचौघांत विचारायचा कसा?

"दादा," धाकलू हळू आवाजात म्हणाला, "वयनी नसंल तर दुसरं कोन काढनार?"

"तुझी बायको तर आजच बाहेर बसलीय," आत्या फटकन म्हणाली. "कामाच्या दिवशी बरी बसते. आन मी लेक पडले, लेकीचा हात चालत नाय. म्हंजी या घरात हातच नाय आता! मी म्हनत व्हते ते हेच. नवी पोर आली असती तर धाकलूला लेकरू तरी…"

"आते, आधी कणगीचं बोल," येसाजी म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता, आणि आत्याला तेवढं पुरेसं होतं.

"तेच बोलते. कणगी उघडली नाय तर बियानं दुसऱ्याचं. बियानं दुसऱ्याचं घ्यायचं तर ज्याचं त्यानं घ्यावं. धाकलू माझ्या नणंदेकडनं घील. ती मानसं नाय म्हननार नाय."

धाकलूने उपरण्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. येसाजीने ते पाहिलं, आणि आपल्या भावाने नाही म्हटलं नाही एवढंच त्याच्या लक्षात राहिलं.

*

मागच्या पडवीत सुंदरा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या शेजारी वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळी घोंगडी. सोनाबाई येऊन तिच्याशेजारी मटकन बसली तेव्हा सुंदराला आधी काही समजलंच नाही.

"जाऊबाय, शिवाल ना मला! बियाचं काम…"

"शिवून काय व्हतंय आता," सोनाबाई म्हणाली आणि तिला एकाएकी हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "आलं गं, सुंदरे. सहा म्हयन्यांनी. झाकनावर हात असताना आलं."

सुंदरा तिच्याकडे बघत राहिली. खालापूरच्या माहेरातून येऊन तिला बावीस वर्षं झाली, पण थोरल्या जावेला रडताना तिने पाहिलं नव्हतं. भाकरी पडवीत आणून ठेवणारी, बोलणी खाऊ न देणारी, पण कायम एक पायरी वर राहणारी बाई ती. तिचे उपकार सुंदराला टोचत. वेगळं निघू या, असं ती धाकलूला वर्षभर सांगत होती ते त्यामुळेच, असं सगळ्यांना वाटे. तसं वाटतंय ते तिच्या पथ्यावरच होतं.

"कुनी बगितलं?"

"नाय."

"मंग जावा आन काढा. कुनाला कळतंय?"

"आन रुजलं नाय तर?"

"आषाढात आपन काय बगून लावतो का? मागल्या साली दुसऱ्या दिवशी असताना तुमी अख्खा खालचा वाफा लावलात. जगलाच की."

"जगला," सोनाबाई म्हणाली. तिने विचार केला, पण विचार कुठे टेकेना. "जगला खरा. पन उद्या पावसानं दडी मारली, कीड पडली, काय बी झालं, तरी मला वाटनार माझ्या हातानं झालं. मी कुनाला सांगू तवा? नाय गं. मी सांगून टाकते. मला काय झालंय तेच मला कळंना झालंय. गेलं म्हनावं तर परत येतंय. आत चूल पेटते, मंग हुडहुडी भरते. परवा मी वाल्मिकच्या बायकोचं नाव इसरले, सुंदरे. घरातल्या सुनेचं नाव! मला येड लागतंय का?"

"येड कशाचं लागतंय," कुंपणाकडून आवाज आला.

चिंधी वाकून आत आली. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीची ही सुईण. वाल्मिकला हिनेच या पडवीत जगात आणलं होतं. रोहिणीला या घरून तिला सूपभर जुनं भात मिळे, ते न्यायला ती आली होती आणि कुंपणापाशी उभी राहून सगळं ऐकत राहिली होती. तिने सोनाबाईचा हात हातात घेतला, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, पोटावर दोन बोटं दाबली.

"गरवार नाय, बाधा नाय, देव नाय. बायो, हे जायला लागलंय. जायला लागलं म्हंजी गेलं असं नसतं. हस्ताचा पाऊस कसा, गेला गेला म्हननंस्तवर परत दानादान करतो? तसंच."

"मंग गेलं कवा म्हनायचं?"

"बारा अमावास्या मोजायच्या. मधी एक थेंब आला तर परत पहिलीपासनं. बारा कोरड्या गेल्या की सुटलीस. आन सुटल्यावर परत कवा लाल दिसलं तर लपवायचं नाय, मला बोलवायचं. ते चांगलं नसतं."

"आन ह्या आंगातल्या वाफा?"

"त्या येनार. कुनाला दोन वरसं, कुनाला सात. गरम पेज सोड, कोकमाचं पानी पी, वाऱ्याला नीज. रडू आलं तर रड. नवऱ्यावर वसकलीस तर वसकलीस, त्याला काय व्हत नाय."

सोनाबाई एकदम चिडून म्हणाली, "तीस वरसं सासू निवळलेली व्हती. माझ्याच मांडीला मांडी लावून बसायची. एका शबदानं सांगितलं नाय मला. येक दिस सुटका व्हते, येवढंच म्हनायची. सुटका ही अशी?"

तिचा राग मेलेल्या बाईवर होता. ती उठली. पदर सावरला. "जाते. सांगते. आत्या काय म्हनायचं ते म्हनू दे. तुज्यावर सवत आली तर मला आता अडवता येयाचं नाय, येवढंच वाईट वाटतंय."

"बसा," सुंदरा म्हणाली.

तिचा आवाज इतका कोरडा होता की सोनाबाई बसली.

सुंदराने चिंधीकडे पाहिलं. चिंधीने मान फिरवली आणि कुंपणाच्या काटक्या नीट करू लागली.

"मी काढते भात," सुंदरा म्हणाली.

"तू? आगं, तू सकाळीच…"

"सकाळी बसले. दर म्हयन्याला बसते. तीन वरसं झाली, जाऊबाय, मी नुसतीच बसते."

सोनाबाईला ते समजायला वेळ लागला. अडतीस वर्षांची बाई. तीन वर्षांपूर्वी पस्तिशी. असं होतं? तिने चिंधीकडे पाहिलं, आणि चिंधी म्हणाली, "व्हतं कुना कुनाला. मला ठावं व्हतं. सांगू नको म्हनली, मी नाय सांगितलं."

"पन का गं? चार चार दिस हितं…"

"इटाळ हाय तवर पोराची आशा हाय. आशा हाय तवर दुसरी आनायला ह्यांचं मन व्हत नव्हतं." सुंदरा बोटं मोजत होती, उगाच. "वेगळं निघू म्हनत व्हते ते बी यापायीच. एवढ्या बायकांच्या डोळ्यांदेखत नाटक किती दिस चालनार? तुमी भाकरी आनून ठेवायच्या तवा मला वाटायचं, हिला कळलं आसंल. म्हनून हसत आसंल."

"मला काय बी कळलं नव्हतं गं," सोनाबाई म्हणाली. तीन वर्षांत या बाईच्या बसण्याचा दिवस एकदाही इकडचा तिकडे झाला नव्हता. खऱ्या बाईचं असं कधी होतं का? एवढं साधं तिला दिसलं नव्हतं. "सुंदरे, नको. हे सांगितलंस तर आत्याला आयतंच मिळंल. मी सांगते माझं. कणगी ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे म्हंजी? आत्यानं मगाशी काय म्हटलं ते मी हितनं ऐकलं. बियानं तिच्या नणंदेकडनं आलं की मागनं पोर बी येनारच. तुमी सांगा नायतर मी सांगू, माझं जायाचं ते जातंयच." ती उठली. "निदान भात तरी पेरलं जाईल. चिंधे, पानी घाल माझ्यावर."

चिंधीने तीन तांबे तिच्या डोक्यावर ओतले. सोनाबाई विटाळशी झाल्यामुळे तिला हात लावू शकत नव्हती. ती नुसती हात पुढे करून, मागे घेऊन, पुन्हा पुढे करत उभी राहिली.

*

ओल्या केसांनी सुंदरा माजघरात आली तेव्हा आत्या किंचाळली. "आगं भवाने! बियाच्या खोलीत!"

येसाजी धाकट्या भावजयीशी थेट कधी बोलत नसे. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "आते, तिला म्हनावं, बाहेर हो."

सुंदराने पदर कपाळापर्यंत ओढला आणि तीही कणगीकडेच बघून बोलली. तिने एकच गोष्ट सांगितली, तीही तुटक तुटक: थोरल्या जावेला आज आलं आहे, ती खोटं बोलली नाही, तिला ठाऊक नव्हतं, आणि आपला मात्र तीन वर्षांपूर्वीच गेला आहे, खोटं बोललो ते आपण. चिंधीला विचारा.

चिंधी दारातून म्हणाली, "खरं हाय."

आत्याच्या तोंडाचा आ तसाच राहिला. विटाळ लपवणारी बाई तिने ऐकली होती. नसलेला विटाळ पाळणारी बाई तिच्या साठ वर्षांत बसत नव्हती, आणि हिला शिव्या नक्की कशाबद्दल द्यायच्या तेच तिला सुचेना.

धाकलू कणगीपाशी उभा होता. तीन वर्षं, एवढाच शब्द त्याच्या कानात शिरला. दर महिन्याला ती पडवीत जाऊन बसली की तो मनात म्हणायचा, याही महिन्यात नाही. मग चौथ्या दिवशी ती न्हाऊन घरात आली की म्हणायचा, बघू, पुढल्या महिन्यात. छत्तीस वेळा त्याने असं म्हटलं असेल. खळ्यावर, नांगरामागे, नेरळच्या बाजारात एखाद्याचं पोर खांद्यावर बघून. ती आशा तिने त्याला दर महिन्याला हाताने बनवून दिली होती. फसवलं म्हणावं का? त्याला राग आला होता हे खरं. पण राग चढेचना. चढायला गेला की मध्येच त्याला पडवीतली घोंगडी दिसे, पौषातली, पातळ.

येसाजीने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा उन्हाकडे. मग तो भिंतीला म्हणाला, "आते, तिला म्हनावं, काढ."

सुंदराने झाकण उचललं. जुन्या भाताचा उबट वास खोलीत पसरला. तिने हात कोपरापर्यंत आत घातला, मूठ भरली आणि येसाजीच्या उपरण्यात टाकली. एक, दोन, तीन. मग ती धाकलूकडे वळली.

त्याचं उपरणं खांद्यावरच होतं. तो ते काढेना. तिची मूठ हवेत राहिली आणि बोटांच्या फटीतून दाणे गळायला लागले. पडवीच्या दाराआड सोनाबाई कान लावून उभी होती. तिला काही दिसत नव्हतं, फक्त जमिनीवर दाणे पडलेले ऐकू येत होते.

धाकलूने उपरणं खाली ओढलं आणि दोन्ही हातांनी पसरलं. सुंदराने मूठ सोडली. दुसरी. तिसरी. तिसऱ्या मुठीला तिने मान वर करून पाहिलं, तेव्हा तो तिच्याकडे नव्हे, भाताकडे बघत होता.

"पुढल्या म्हयन्यापास्नं," तो म्हणाला, आणि राग होता की काय होतं ते तिला त्याच्या आवाजावरून काही केल्या कळेना, "आतच नीज."